पहिली बास्केट पडेपर्यंत

जुनी आहे मी, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको की म्हातारीनं वय लपवलं. मित्रांनो, मी एक गादी आहे. झोपायची नव्हे, बसायची. हातभर लांब, हातभर रुंद, वर हिरवं जाड कापड आणि एका बाजूला धरायला पट्टा. ब्रॅडिश कॉलेजच्या बास्केटबॉल हॉलमध्ये बसायला लाकडी पायऱ्या आहेत. त्यांच्यावर तासभर बसलं की माणसाला स्वतःची हाडं एकेक करून मोजता येतात. म्हणून माझा जन्म झाला. गेले त्रेचाळीस हिवाळे मी नवव्या रांगेत, पंधराव्या जागेवर, ऑर्लिन हॅगेन नावाच्या माणसाखाली काढले. कुणी आईच्या पदराखाली वाढतं, कुणी झाडाच्या सावलीत वाढतं. मी ऑर्लिनच्या बुडाखाली वाढले. हसू नका. तिथून माणूस जितका कळतो, तितका त्याच्या तोंडाकडे बघून कळत नाही.

मला ऑर्लिनच्या आईनं शिवलं, एक्क्याऐंशी साली. वरचं कापड ट्रॅक्टरवर टाकायच्या ताडपत्रीचं. पोटात घोड्याचे केस, तिच्या आजोबांच्या बग्गीच्या सीटमधून काढलेले. ते केस मिनर्व्हा नावाच्या घोडीचे होते. ही मिनर्व्हा एकदा चर्चच्या पाद्रीबाबांना बग्गीसकट घेऊन पळाली, ती थेट दुसऱ्या राज्यात, मिसूरीत थांबली. पाद्रीबाबा तिथेच राहिले, तिथेच त्यांनी लग्न केलं, आणि घोडी एकटी परत आली. खोटं वाटत असेल तर त्या पाद्रीबाबांना विचारा. ते आता हयात नाहीत, पण विचारा. सांगायचं एवढंच, की पळायची हौस माझ्या पोटातच आहे, आणि आयुष्य गेलं एका जागी दबून राहण्यात.

आमच्या संघाचं नाव बगळे. कॉलेजच्या मागच्या तळ्यात एक बगळा कायम एका पायावर उभा असतो, त्याच्यावरून. आणि आमच्या हॉलात एक रीत आहे, ती नीट ऐकून ठेवा, पुढे तिच्यावरूनच सगळं घडलं. सामना सुरू झाला की आपल्या संघाची पहिली बास्केट पडेपर्यंत कुणी खाली बसायचं नाही. सगळा हॉल उभा राहून टाळ्या वाजवत राहतो. चेंडू जाळीतून पडला रे पडला, की दोन हजार माणसं एकदम खाली बसतात. धप्प! त्या आवाजानं बाहेर झाडावरचा बर्फ खाली येतो. मी बघितलेला नाही, मी आत असते, पण येतोच.

ऑर्लिन ही रीत त्रेचाळीस वर्षांत एकदाही चुकला नाही. कंबर धरली होती तेव्हा उभा राहिला, ताप होता तेव्हा उभा राहिला. त्याची थोरली बहीण आर्डिस मात्र एकदाही उभी राहिली नाही. ती त्याच्या शेजारी, सोळाव्या जागेवर बसते. दोघांनी लग्न केलं नाही, दोघं एकाच घरात राहतात आणि एकाच गोष्टीवर कधी एकमत होत नाहीत. आर्डिस पहिल्या दिवसापासून विणकाम घेऊन येते. सुरुवातीलाच तिनं सांगून टाकलं होतं, "राष्ट्रगीताला उभी राहीन, चर्चमध्ये उभी राहीन. उड्या मारणाऱ्या चेंडूसाठी उभी राहणार नाही." ती मैदानाकडे बघतसुद्धा नाही. पण मध्यंतराला कुणी विचारलं, तर सुया न थांबवता सांगते, "सहानं मागे आहोत. याचा श्वास ऐकते ना मी."

माझे चांगले दिवसही होते, बरं का. एक्क्याण्णव साली बगळ्यांनी लीग जिंकली तेव्हा ऑर्लिननं आनंदानं मला हवेत फेकलं. मिनर्व्हाचं रक्त! मी अशी उडाले, अशी उडाले, की छताला लागून खाली आले ती पंचाच्या डोक्यावर. तो तीन दिवस म्हणे हिरव्याशिवाय दुसरा रंगच बघत नव्हता. दुसऱ्या दिवशी गावच्या वर्तमानपत्रात माझा फोटो आला. पंचाचाही होता, पण त्याचं तोंड माझ्यामागे होतं. त्या वर्षी लोक मला हात लावून जायचे. लहान मुलं सामन्याआधी माझ्यावर टिचकी मारायची. मी शकुनाची गादी झाले होते.

पुढे शकुन संपला. बगळे हरायला लागले आणि हॉल रिकामा व्हायला लागला. ज्या मुलांनी टिचक्या मारल्या ती मोठी होऊन दूरच्या शहरांत गेली. मार्च ते नोव्हेंबर मी गॅरेजात, गवत कापायच्या यंत्रामागे पडून असते. एका उन्हाळ्यात उंदरीण माझ्यात बाळंत झाली. सात पिल्लं. एकही आभार मानून गेलं नाही. डाव्या कडेची शिवण उसवली ती तेव्हाच. ऑर्लिननं ती शिवली नाही, तिचा खिसा करून टाकला. तिथे तो पुदिन्याच्या गोळ्या ठेवतो, खेळाडूंची यादी ठेवतो आणि मागे रबर असलेलं पेन्सिलीचं थोटूक ठेवतो.

यंदा नोव्हेंबरात त्यानं तिथे एक पिवळं कार्डही ठेवलं. हे कार्ड दरवर्षी कॉलेजकडून येतं. पुढच्या वर्षी आपल्या जागा हव्या असतील तर त्याच्यावर सही करायची आणि आपल्या हॉलातल्या शेवटच्या सामन्याला दाराजवळच्या पेटीत टाकायचं. नाही टाकलं की जागा दुसऱ्याच्या. दरवर्षी हे कार्ड पोस्टातून येतं आणि ऑर्लिन ते जेवणाच्या टेबलावरच सही करून टाकतो. यंदा मात्र त्यानं ते हातात धरून कितीतरी वेळ बघितलं.

"काय झालं?" आर्डिसनं विचारलं. "अक्षर लागत नाही का?"

"शेवटचं वर्ष, आर्डिस," तो म्हणाला. "गेल्या वर्षी लीगमधला एक सामना जिंकले. त्याच्या आदल्या वर्षी दोन. माझे गुडघे गेलेत. धान्याच्या कोठारावर चाळीस वर्षं शिड्या चढलो तेव्हा नाही थकलो एवढा ही पोरं थकवतात. यंदा लीगमध्ये एक सामना, एकच, जिंकले तर सही. नाहीतर बास."

"आणि ती गादी?"

"गादीचं काय?"

"पिकलला देऊन टाकीन. त्याला सांधेदुखी आहे."

पिकल म्हणजे तिचं कुत्रं. बुटकं, लांब कानांचं, आणि घोरतं असं की शेजारच्या घरातली घड्याळं पुढे जातात. मित्रांनो, माझी अवस्था समजून घ्या. एके काळी वर्तमानपत्रात फोटो आलेली मी, आणि पुढचं आयुष्य पिकलखाली!

तरी नोव्हेंबरात आशा होती. आशा ही ऑर्लिनला पहिल्या बर्फाबरोबर होते, सर्दीसारखी. पहिल्या सामन्याला तो गाडीत बसून म्हणाला, "या वर्षी वीस जिंकतील." आर्डिस म्हणाली, "वीस काय, मोजे?" पण त्यानं माझ्या खिशातून कार्ड काढलं आणि पेन्सिलीनं सही करून ठेवली. पेन्सिलीनं. ते माझ्या लक्षात आलं होतं. पहिले तीन सामने बगळे खरंच जिंकले. लीगबाहेरचे, अगदी छोट्या कॉलेजांशी, पण जिंकले. मग लीग सुरू झाली.

संघात एक उंच पोरगा आहे, चौतीस नंबरचा डॅरियस पेल. दुसऱ्या वर्षाला आहे. हात असे की दारात उभा राहिला तर परसातले कपडे काढून घेईल. पण चेंडू हातात आला की त्याला फक्त जाळीचं कडं दिसतं. डावीकडे आपला माणूस मोकळा उभा असतो, हात वर करून, कधी कधी उड्या मारत. डॅरियसला दिसत नाही. तो वळतो, तिघांच्या मधून चेंडू मारतो, आणि चेंडू कड्यावर आपटून परत येतो.

"डावीकडे!" ऑर्लिन ओरडायचा. "डावीकडे बघ की बाबा! डावीकडे!"

मागच्या रांगेत टिबेट्सबाई बसतात. टपाल कचेरीतून निवृत्त झाल्या, आता कॉलेजच्या सगळ्या पेट्या आणि याद्या त्याच सांभाळतात. त्या गाईच्या गळ्यातली घंटा घेऊन येतात आणि ती नेमकी ऑर्लिनच्या कानाशी वाजवतात.

"ऑर्लिन, त्याला ऐकू जात नाही," त्या म्हणायच्या. "मला मात्र या कानानं आता काहीच ऐकू येत नाही."

"तुमच्या घंटेमुळे माझं तेच झालंय."

"मग बरं आहे. दोघांनाही एकमेकांचं ऐकायला नको."

डिसेंबरात तीस गुणांनी हरले. परत येताना ऑर्लिननं गाडी रस्त्याकडेला थांबवली, कार्ड काढलं आणि रबरानं सही खोडली. "ही पोरं चेंडू टाकतात का शेणखत उडवतात? यंत्र लावल्यासारखा चारी दिशांना!" जानेवारीत एक सामना फक्त दोन गुणांनी हरले. तो खूश होऊन म्हणाला, "आठ जिंकतील अजून," आणि परत सही केली. पुढच्या बुधवारी खोडली. मग लोक चर्चच्या तळघरात चिली, म्हणजे राजमा-खिम्याचं तिखट कालवण, आणि दालचिनीचे रोल खायला जमले होते, तिथे कोच लिंडहोम त्याला म्हणाले, "मिस्टर हॅगेन, पोरं शिकतायत. जरा दम धरा." घरी येऊन परत सही. शनिवारी परत रबर. विसाचे झाले आठ, आठाचे झाले तीन, तीनाचा झाला एक. कार्डावर सहीच्या जागी नुसता राखाडी डाग राहिला आणि कागद इतका पातळ झाला की पलीकडची पुदिन्याची गोळी दिसायची. मला दिसायची म्हणजे जाणवायची. ते सगळं माझ्या पोटातच चाललं होतं ना.

आणि त्याचं उभं राहणं वाढत चाललं. पूर्वी पहिली बास्केट मिनिटाभरात पडायची. यंदा तीन मिनिटं, चार मिनिटं. खरं तर तो उभा असतो तेवढीच माझी विश्रांती. पूर्वी मी तेवढ्यात जरा फुगून घ्यायचे, अंग मोकळं करायचे. पण यंदा माझ्यासमोर त्याचे ते दोन गुडघे असायचे, विजारीच्या आत थरथरणारे, आणि मी वाट बघायचे. पडा रे, पडा एकदा. येऊ दे त्याला खाली. कितीही जड असला तरी येऊ दे.

अशी फेब्रुवारीची अखेर आली. लीगचे पंधरा सामने झाले होते, पंधराही हरलो होतो. सोळावा आणि शेवटचा सामना आमच्याच हॉलात, शनिवारी दुपारी दोन वाजता, व्हीलॉक कॉलेजच्या बैलांशी. लाल कपडे, एकेक पोरगा फ्रिजएवढा. हॉलात जेमतेम चारशे माणसं. दाराशी ती पेटी ठेवलेली, वर टिबेट्सबाईंनी सुंदर अक्षरात लिहिलेलं, सामना संपल्यावर अर्ध्या तासात बंद.

ऑर्लिन तिच्याकडे न बघता आत आला. मला पायरीवर ठेवलं, माझ्यावर एक थाप मारली. "चल म्हातारे," तो म्हणाला. मला म्हणाला, का स्वतःला म्हणाला, कुणास ठाऊक.

सामना सुरू झाला आणि चारशे माणसं उभी राहिली. आर्डिस सोडून. बैलांनी पहिली बास्केट टाकली, दुसरी टाकली. आमच्या पोरांनी कोपऱ्यातून मारला, गेला बाहेर. मधून मारला, कड्यावर फिरला, फिरला आणि बाहेर आला. डॅरियसनं मारला, तर त्यानं कडंसुद्धा बघितलं नाही. पाच मिनिटं झाली. अकरा-शून्य. बास्केटबॉलचं घड्याळ मध्येमध्ये थांबतं, मित्रांनो. गुडघ्यांचं थांबत नाही. ऑर्लिननं एक हात समोरच्या कठड्यावर टेकला.

"बस रे," आर्डिस खाली बघूनच म्हणाली. "कुणी मोजत नाहीये."

"मी मोजतोय."

सहावं मिनिट. आमच्या पोरानं परत मारला, परत कड्यावर आपटला. चेंडू वर उडाला आणि बैलांचा एक दांडगा पोरगा तो पकडायला उसळला. पण घाईत त्याच्या बोटांचा धक्का उलटा लागला आणि त्यानंच चेंडू आम्ही मारत होतो त्या जाळीत ढकलला. पंचानं हात खाली केला. दोन गुण बगळ्यांना. अकरा-दोन.

एवढी सुटका कधी बघितली नव्हती मी. चारशे माणसं हसत, टाळ्या वाजवत खाली बसली. धप्प!

ऑर्लिन उभाच.

"ओ हॅगेन," मागून टिबेट्सबाई म्हणाल्या, "बसा की आता. मला तुमच्या पाठीशिवाय काही दिसत नाहीये."

"ती बास्केट आपली नव्हती."

"फळ्यावर दोन लागलेत!"

"लागू देत. टाकली त्यांनी. आपल्या पोराच्या हातून पडली नाही तोवर पडली नाही."

"अहो, असा काही नियम नाही!"

"मग आजपासून आहे."

"बस खाली, म्हाताऱ्या!" वरच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं. दोघेचौघे हसले. कुणीतरी पॉपकॉर्न फेकला, तो माझ्यावर पडला. मी तो सहन केला. सबंध हॉलात एकटा माणूस उभा, सत्त्याहत्तर वर्षांचा, हिरवी टोपी घातलेला, आणि एकटाच टाळ्या वाजवतोय. टप. टप. टप. त्याचा डावा गुडघा आता असा हलत होता की फळी हलायला लागली आणि फळीबरोबर मी. मला वाटलं, आता हा पडतो. पडला तर माझ्यावर पडू दे, एवढंच मी म्हणत होते. मी त्याच्यासाठीच आहे.

तेवढ्यात सुयांचा आवाज थांबला.

त्रेचाळीस वर्षांत सामना चालू असताना तो आवाज कधी थांबला नव्हता. आर्डिसनं विणकाम पिशवीत ठेवलं. पिशवीचं तोंड बांधलं. मग ऐंशी वर्षांची ती बाई पायरीला हात लावून, "हुश्श" करून उठली आणि तिनं आपला दंड भावाच्या कोपराखाली सरकवला.

ऑर्लिननं मान वळवून बघितलं.

"तुझ्यासाठी उभी नाही राहिले," आर्डिस म्हणाली. "पाय आखडलाय माझा. समोर बघ."

मग माझ्या मागे घंटा किणकिणली. टिबेट्सबाई उठल्या. "नाहीतरी बसून काही दिसतच नाही," त्या चिडून म्हणाल्या, आणि घंटा वाजवायला लागल्या. मग त्यांच्या शेजारचा उठला. मग समोरच्या रांगेतली पोरं उठली, आधी मस्करी म्हणून, पण उठली. मग पलीकडची बाजू. मगाशी "म्हाताऱ्या" म्हणून ओरडला होता तोही उठला असावा, कारण त्याचाच आवाज मग टाळ्यांबरोबर यायला लागला. हां हां म्हणता सगळा हॉल परत उभा. बैलांची पोरं भांबावून वर बघायला लागली. यांना बास्केट पडलेली दिसली नाही का, असं त्यांना वाटलं असेल. आमची पोरंही वर बघायला लागली. डॅरियस तर चेंडू हातात धरून आमच्या रांगेकडे बघतच राहिला. पंचानं शिट्टी मारली तेव्हा भानावर आला.

नववं मिनिट. सतरा-दोन. चेंडू परत डॅरियसकडे आला. कड्याखाली, पाठीवर एक बैल, समोर दोन. तो वळला. ऑर्लिननं तोंड उघडलं, पण आवाज फुटला नाही, घसा गेला होता. आणि मित्रांनो, मी सांगते म्हणून विश्वास ठेवा. तो पोरगा थांबला. त्यानं मान डावीकडे वळवली. तिथे सगळ्यात बुटका गडी मोकळा उभा होता, वर्षभर उभा होता बिचारा. डॅरियसनं चेंडू त्याला दिला. बुटक्यानं नुसता वर ठेवला, आणि तो आत गेला.

धप्प!

चारशेच माणसं होती, पण आवाज दोन हजारांचा आला. ऑर्लिन माझ्यावर बसला तो असा, की मिनर्व्हाचे उरलेसुरले केस माझ्या कानाकोपऱ्यात गेले. त्रेचाळीस वर्षांत एवढं जड मला काही लागलं नव्हतं, आणि एवढं गोडही.

"दिला," तो पुटपुटत होता. "डावीकडे दिला. आर्डिस, डावीकडे दिला त्यानं."

"ऐकलं मी," आर्डिस म्हणाली. सुया परत सुरू झाल्या होत्या.

आता मी तुम्हाला सांगितलं असतं की मग बगळे जिंकले. माझ्या जिभेला हाड नाही, पंचाच्या डोक्यावर मी बसलेच होते. पण इथे खोटं सांगवत नाही. हरलो आम्ही. एकाहत्तर-बावन्न. लीगमध्ये सोळापैकी शून्य. लोक कोट चढवून शांतपणे निघाले.

ऑर्लिन मला काखेत मारून खाली उतरला, एकेक पायरी, कठडा धरून. दाराशी आला. पेटीमागे टिबेट्सबाई बसल्या होत्या. शब्द दिला होता त्यानं, एक सामना, नाहीतर बास. कार्ड माझ्या पोटात होतं आणि आम्ही पेटीपुढून निघून गेलो.

गाडी गार पडली होती. त्यानं इंजिन सुरू केलं, काचेवरचं दव जायची वाट बघत दोघं बसले. मी दोघांच्या मधे. मला पिकलचं घोरणं ऐकू यायला लागलं होतं.

"दुसऱ्या वर्षाला आहे तो," ऑर्लिन एकदम म्हणाला.

"कोण?"

"चौतीस. अजून दोन वर्षं आहेत त्याची. एकदा डावीकडे बघितलं की माणूस परत बघतो."

काच अर्धी स्वच्छ झाली.

"माझी टोपी राहिली आत," ऑर्लिन म्हणाला.

आर्डिसनं त्याच्या डोक्यावरच्या टोपीकडे बघितलं. नीट बघितलं. मग समोर काचेकडे तोंड केलं. "जा मग," ती म्हणाली. "शोधून ये. गादी घेऊन जा, वाटेत दम लागला तर बसशील."

टिबेट्सबाई पेटीला कुलूप लावत होत्या.

"आता काय?"

"टोपी राहिली होती."

"डोक्यावर आहे."

"हो का?" त्यानं हात लावून बघितलं. "मग आलोच आहे तर..." आणि त्यानं माझ्या खिशात हात घातला. कार्ड पुदिन्याच्या गोळीला चिकटलं होतं. त्यानं ओढलं तशी माझी शिवण आणखी चार बोटं उसवली. टिबेट्सबाईंनी त्या मळक्या, पातळ, गोळी चिकटलेल्या कागदाकडे चष्म्यावरून बघितलं.

"ही काय अवस्था? याच्यावर पेन्सिल उमटणार नाही."

"पेन्सिल नको," ऑर्लिन म्हणाला. "पेन द्या."

तर मित्रांनो, अशी मी वाचले. पुढच्या आठवड्यात आर्डिसनं माझी शिवण घातली. विचारलं नाही, सांगितलं नाही, आणि लोकर वापरली ती लाल, व्हीलॉकच्या बैलांच्या रंगाची. ऑर्लिन दोन दिवस तिच्याशी बोलला नाही. पण टाके पक्के आहेत. आता मी परत गॅरेजात आहे, गवत कापायच्या यंत्रामागे. खूप दमलेय. चाळीस वर्षं आशा डोक्यावर घेऊन बसणं सोपं नाही, आणि माझ्या डोक्यावर तर आशेबरोबर ऑर्लिनही असतो. परवा तो इथे पाना शोधायला आला होता. जाताना माझ्यावरची धूळ झटकली आणि म्हणाला, "वीस नाही. बारा जिंकतील."

तुमच्याही घरात माझ्यासारखी एखादी चेपलेली, उसवलेली म्हातारी पडली असेल. तिला कधीतरी उन्हात ठेवा. उंदरांना देऊ नका, कुत्र्याला तर मुळीच देऊ नका. उसवली असेल तर टाका घाला, हाताशी असेल त्या रंगाचा. आणि तिच्यावर बसायची घाई करू नका. जरा उभे राहा. तेवढाच तिला श्वास मिळतो. पण मग बसा मात्र, बरं का. नक्की बसा. ती वाट बघत असते.